वस्तीतल्या धान्यपेढीत नवीन आलात? कामाची सुरुवात अशी करा

हातावर पोट असलेल्या घरातलं अन्न एका दिवसात संपत नाही. आधी भाजी बंद होते, मग डाळ, मग दूध. चहा कोरा होतो. किराणावाल्याची उधारी थकते आणि तो वही मिटतो. मग घरातली बाई "मला आज भूकच नाही" म्हणायला लागते. पिठाचा डबा खडखडेपर्यंत महिना-दोन महिने गेलेले असतात. आपल्या दाराशी माणूस येतो तो या टप्प्यावर, आणि तोही पुष्कळदा शेजारणीने हाताला धरून आणला म्हणून.

हे सगळं लिहितोय ते वस्तीपातळीवरच्या धान्यपेढीत नव्याने काम करू लागलेल्यांसाठी. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण मला तिथलं काम माहीत आहे. नाशिक, सोलापूर, ठाणे कुठेही असलात तरी यातलं बहुतेक सगळं तसंच लागू पडेल.

लोकांकडून धान्य गोळा करून भुकेल्या घरी पोचवणं आपल्याकडे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहं गावोगावच्या मूठमूठ धान्यावर चालली. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१५ मध्ये रोटी बँक सुरू झाली. घरी केलेल्या पोळ्या आणि भाजी लोक तिथे आणून देतात आणि गरजू घेऊन जातात. गोदाम, नोंदी, नियमित वाटप अशी शिस्तीची धान्यपेढी जगात पहिल्यांदा उभी राहिली ती १९६७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात. पद्धत कुठलीही असो, एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. आपली पिशवी पंधरा दिवस पुरते. रेशनवरचा हक्क सुरू झाला तर तो दर महिन्याला पुरतो. म्हणून आलेल्या प्रत्येक कुटुंबामागे आपली दोन कामं असतात: आज पिशवी देणं, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या घराचं सरकारी धान्य चालू करून देणं. नवीन कार्यकर्ते पहिल्या कामात रमतात आणि दुसरं मागे पडतं, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे.

पायरी पहिली: आधी पिशवी, मग प्रश्न

पहिल्या भेटीत कागद मागू नका. आधार कार्ड नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, नगरसेवकाची चिठ्ठी नाही. माणूस बसला, पाणी प्याला, की पिशवी त्याच्या शेजारी ठेवा आणि मग बोलायला लागा. पिशवी मिळाली आहे हे कळलेला माणूस मोकळेपणी बोलतो. पिशवी आपल्या टेबलामागे असेल तर तो आपल्याला काय ऐकायचं असेल ते बोलतो.

विचारायचं ते एवढंच: घरात माणसं किती, वयं काय, कुणी गरोदर किंवा आजारी आहे का, शिजवायला गॅस आहे का, आणि रेशनकार्ड आहे का, असेल तर कुठल्या रंगाचं आणि कुठल्या गावचं. "आज चूल पेटली का?" हा प्रश्न "तुमची आर्थिक परिस्थिती कशी आहे?" यापेक्षा दहापट उपयोगी आहे. नवरा पितो का, मोबाईल एवढा महागाचा कसा, मुलं इतकी का, हे विचारायचं नाही. कुणी नवीन कार्यकर्ता असं विचारताना दिसला तर तिथल्या तिथे त्याला बाजूला घेऊन सांगा.

बोलताना मावशी, ताई, दादा, काका म्हणा. 'लाभार्थी' हा शब्द नोंदवहीत राहू दे, तोंडात नको.

फोटो काढायचे नाहीत. याबाबत मी कुठलीही सवलत देत नाही. हातात पिशवी घेतलेल्या बाईचा फोटो तिच्या मुलीच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर पोचायला एक संध्याकाळ पुरते. देणगीदारांना पुरावा हवा असतो हे खरं, पण त्यांना भरलेल्या पिशव्यांचा फोटो, खरेदीची बिलं आणि महिन्याचा गोषवारा पाठवा. समजूतदार देणगीदाराला तेवढं पुरतं. ज्याला माणसाचा चेहराच हवा असतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

रस्त्यावर रांग लावू नका. वेळा वाटून द्या, म्हणजे एका वेळी दोन-तीनच माणसं येतील. काही घरं अशी असतात की त्यांनी आयुष्यात कुणापुढे हात पसरलेला नसतो: कारखाना बंद पडलेला कामगार, दुखण्यात सगळं घालवून बसलेला रिक्षावाला, पेन्शन नसलेले म्हातारा-म्हातारी. ते केंद्रावर कधीच येणार नाहीत. त्यांच्याकडे अंधार पडल्यावर साध्या कापडी पिशवीतून, बाजार करून आल्यासारखं, सामान पोचवायचं. पिशवीवर संस्थेचं नाव छापलेलं नको.

पायरी दुसरी: पिशवीत काय घालायचं

इथे थोडं गणित करा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या, म्हणजे सरकारने या धान्यासाठी यादीत घेतलेल्या घरातल्या, प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. तीस ग्रॅमची एक पोळी धरली तर दिवसभरात पाच पोळ्या, आणि ज्या दिवशी पोळ्या त्या दिवशी भात नाही. शिवाय हे नुसतं गहू-तांदूळ आहे. डाळ नाही, तेल नाही, मीठ-मिरची नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्याने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होतं. पण तो सणापुरता.

म्हणून ज्या घरी रेशन चालू आहे तिथे पुन्हा गव्हाचं पोतं नेऊन टाकण्यात अर्थ नाही. चार माणसांच्या घराला पंधरा दिवसांसाठी आम्ही असं सामान भरतो: तूरडाळ २ किलो, मूग किंवा मसूर १ किलो, तेल १ लिटर, शेंगदाणे अर्धा किलो, गूळ किंवा साखर १ किलो, मीठ, तिखट, हळद, चहा पावडर, अंगाचा आणि कपड्यांचा साबण. घरात वयात आलेल्या मुली किंवा बायका असतील तर न विचारता सॅनिटरी पॅडचं पाकीट. रेशन बंद असेल तर यात गहू १० किलो आणि तांदूळ ५ किलो वाढवायचे.

शेंगदाण्याची जागा कधीही कापू नका. डाळ महाग झाली की शेंगदाण्याचं कूट भाजीत, आमटीत, चटणीत जातं आणि लेकरांच्या पोटात काहीतरी सत्त्वाचं पडतं.

माणूस कुठला आहे ते बघा. बीड-परभणीकडून आलेल्या घरात ज्वारी द्या, त्यांच्या पोटाला भाकरी लागते. बिहार-बंगालच्या मजुरांना तांदूळ जास्त, गहू कमी. गहू द्यायचा तर दळणाचे पैसे आहेत का ते पाहा. नसतील तर पीठ द्या, किंवा वस्तीतल्या गिरणीवाल्याशी बोलून ठेवा. महिन्याला इतकी दळणं मोफत करून द्यायला गिरणीवाले सहसा तयार होतात, मी तरी फार कमी नकार ऐकले आहेत. पुलाखाली किंवा बांधकामाच्या जागेवर राहणाऱ्यांकडे चूल नसेल तर डाळीचा काय उपयोग? तिथे पोहे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, बिस्किटं, केळी.

आणखी एक. तान्ह्या बाळासाठी दुधाची पावडर किंवा बाटली आपण वाटायची नाही. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींच्या अशा फुकट वाटपावर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. अस्वच्छ पाण्यात कालवलेली, पुरवून पुरवून पातळ केलेली पावडर बाळाला आजारी पाडते. देणगीत असे डबे आले तर परत करा. बाळाच्या आईला जास्तीची डाळ, शेंगदाणे, गूळ, शक्य असेल तर अंडी द्या. दूध येत नाही असं ती म्हणत असेल तर आशाताईंना घेऊन तिच्याकडे जा.

पायरी तिसरी: रेशनकार्डाची गाठ सोडवणं

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सगळ्यात जास्त फळही इथेच मिळतं.

आधी रंग समजून घ्या. महाराष्ट्रात पिवळं, केशरी आणि पांढरं अशी कार्डं आहेत. पण धान्य मिळतं की नाही हे रंगावरून कळत नाही. पिवळ्यात 'अंत्योदय' (सगळ्यात गरीब घरांसाठीची योजना) असा शिक्का असेल तर माणसं कितीही असोत, त्या कार्डाला महिन्याला ३५ किलो. कार्ड 'प्राधान्य कुटुंब' यादीत असेल तर माणशी ५ किलो. केशरी कार्ड आहे पण प्राधान्य यादीत नाव नाही, अशी घरं शहरात भरपूर आहेत. त्यांच्याकडे कार्ड असतं, धान्य नसतं. आणि लोक म्हणतात, "कार्ड आहे ना तुमच्याकडे, मग?"

यादीतल्यांना हे धान्य १ जानेवारी २०२३ पासून मोफत आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं मोफतच राहील असं केंद्र सरकारने जाहीर केलं आहे. कुणी दुकानदार यादीतल्या माणसाकडून धान्याचे पैसे घेत असेल तर ते चूक आहे, एवढं तुम्हाला ठाम माहीत हवं.

कायदा आणला तेव्हा प्राधान्य यादीसाठी राज्याने वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरवली ती ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. चार घरची धुणीभांडी करणारी बाईही या रेषेच्या वर जाते. त्यात कायद्यात देशपातळीवर शहरी लोकसंख्येच्या ५० टक्के आणि ग्रामीणच्या ७५ टक्के अशी वरची मर्यादा आहे, आणि हिशोब अजून २०११ च्या जनगणनेवर चालतो. पुण्याच्या कडेने किती वस्त्या त्यानंतर वाढल्या ते तुम्ही पाहताच आहात. म्हणून कार्यालयात गेल्यावर "इष्टांक शिल्लक नाही", म्हणजे यादीतल्या ठरलेल्या जागा भरल्या, हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. हे ऐकून परत फिरायचं नाही. यादीतली माणसं दगावतात, गाव सोडतात, काहींची नावं अपात्र म्हणून निघतात, तशा जागा मोकळ्या होतात. आपला अर्ज तारखेनिशी आत असेल तरच त्या जागेवर आपल्या माणसाचा नंबर लागणार.

जायचं कुठे? तालुक्याच्या ठिकाणी तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा, पुणे शहरात अन्नधान्य वितरण कार्यालयाची परिमंडळं, मुंबईत शिधावाटप कार्यालय. सोबत आधार, उत्पन्नाचा दाखला, राहत्या जागेचा पुरावा आणि जुनं कार्ड असेल तर ते. नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव घालायचं असेल तर माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, आणि निम्मे अर्ज याच एका कागदावाचून अडतात. माहेर लांब असेल तर तो दाखला आधी मागवून घ्या.

अर्ज दिला की पोच घ्या. पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. नकार असेल तर तो लेखी मागा. सोबत त्या बाईला घेऊन जा, तिच्या वतीने एकटे जाऊ नका. खिडकीवर काय बोलायचं ते ती एकदा शिकली की पुढच्या वेळी ती शेजारणीला घेऊन जाईल.

काही घरांकडे विशेष लक्ष द्या. एकट्या विधवा, निराधार वृद्ध, अपंग, दुर्धर आजारी आणि कातकरी, कोलाम, माडिया गोंड या आदिम जमातींची कुटुंबं अंत्योदयच्या निकषात येतात. मुळशी-मावळातून वीटभट्टीवर आलेलं कातकरी कुटुंब साध्या प्राधान्य कार्डावर असेल तर अंत्योदयसाठी अर्ज करा. एकट्या बाईच्या बाबतीत तो फरक ५ किलो आणि ३५ किलो यांच्यातला आहे. नवऱ्याने टाकलेली बाई "कार्ड त्यांच्याकडे आहे" म्हणाली तर तिला सांगा, या कायद्याप्रमाणे घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई हीच कार्डाची कुटुंबप्रमुख असते. बुधवार पेठेसारख्या वस्तीतल्या, देहविक्रीवर जगणाऱ्या बायकांना ओळखपत्राचा आग्रह न धरता धान्य द्यावं असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० आणि २०२१ मध्ये दिलेले आहेत. तिथे काम करणार असाल तर या आदेशांच्या प्रती जवळ बाळगा.

गाव सोडून आलेल्यांचं वेगळं असतं. ऊसतोडीला, बांधकामाला, हॉटेलच्या कामाला आलेली माणसं गावचं कार्ड घरी ठेवून येतात आणि इथे विकत घेऊन खातात. 'एक देश एक रेशनकार्ड' ही सोय त्यांच्यासाठीच आहे. महाराष्ट्र यात २०१९ पासून आहे. बीडचं किंवा बिहारचं कार्ड असलं तरी पुण्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात आधार किंवा कार्डाचा नंबर सांगून, अंगठा लावून धान्य घेता येतं. कार्ड इथे बदलून घ्यायची गरज नाही. अर्धी माणसं गावी असतील तर त्यांचं धान्य तिथे आणि इथल्यांचं इथे, असंही विभागून मिळतं. दुकानदार "बाहेरचं कार्ड चालत नाही" म्हणाला तर १९६७ या मदत क्रमांकावर तिथूनच फोन लावा. बऱ्याचदा नंबर फिरवायला घेतला की मशीन चालू होतं.

पायरी चौथी: दुकानात अंगठा लागत नाही तेव्हा

ही अडचण तुम्हाला पहिल्याच महिन्यात दिसेल. भांडी घासून, सिमेंट कालवून, विटा उचलून बोटांवरच्या रेषा झिजतात. ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. मागे रांग कुजबुजायला लागते आणि ती बाई रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचते आणि निघते. तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

तिला थांबवा. हात साबणाने धुऊन कोरडे पुसायला सांगा. फारच कोरडे, भेगाळलेले असतील तर ओल्या फडक्यावर बोट टेकवून मग लावा. आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात, तेव्हा अंगठ्यावर अडून न राहता प्रत्येक बोट लावून बघा. करंगळी आणि अनामिका कमी झिजतात. तरीही नाही जमलं तर आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीने, किंवा डोळ्याच्या बुबुळाचं यंत्र असेल तिथे त्यावर ओळख पटवता येते. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही सभासदाचा अंगठा चालतो. अंथरुणाला खिळलेल्या एकट्या माणसासाठी नॉमिनी, म्हणजे त्याच्या वतीने धान्य आणणारा माणूस, नेमण्याची सोय आहे, ती कार्यालयातून करून घ्या.

धान्य वजनकाट्यावर समोर मोजून घ्यायचं आणि पावती मागायची. पावतीवर किती किलो लिहिलंय आणि पिशवीत किती आहे ते जुळलं पाहिजे. आमच्या केंद्रावर एक साधा काटा ठेवला आहे. रेशन घेऊन येणाऱ्या बायका तिथे वजन करून जातात. दोन-तीन महिने सतत कमी भरलं तर पावत्या आणि आपली नोंद घेऊन पुरवठा कार्यालयात तक्रार द्या. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे.

ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिली म्हणून कार्डातून मुलांची नावं गळतात, हेही सर्रास दिसतं. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी मुलांच्या आधारचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते राहिले की पुढे सगळं अडतं. शाळेच्या सुट्टीत अशा मुलांना एकदम आधार केंद्रावर घेऊन जा.

पायरी पाचवी: लेकरं

सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांची नावं अंगणवाडीत आहेत का ते पहिल्याच आठवड्यात बघा. लहानग्यांना आणि आयांना घरी न्यायचा आहार मिळतो, तीन वर्षांपुढच्यांना तिथेच गरम जेवण. आठवीपर्यंतच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळेत दुपारचं जेवण. भाड्याची खोली बदलली की अंगणवाडी बदलते आणि नाव मागेच राहतं. अंगणवाडीताईंशी मैत्री ठेवा, वस्तीतली कुठली चूल थंड आहे हे त्यांना आपल्याआधी माहीत असतं.

दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी त्यांच्याकडे असते. ती वापरायला शिकून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर ते तीव्र कुपोषण आहे. अशा मुलाला जास्त खाऊ घालून आपण बरं करू शकत नाही. त्याच दिवशी अंगणवाडीताई किंवा आशाताईंसोबत सरकारी दवाखान्यात न्या. तिथून मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केलं तर आईला मुलाजवळ राहावं लागतं आणि तिची मजुरी बुडते. त्या दिवसांत घरच्या बाकीच्यांचं जेवण ही आपली जबाबदारी. आई याच काळजीने मूल घेऊन मध्येच घरी परतते, म्हणून तिला आधीच सांगून टाका की घरचं आम्ही बघतो.

पायरी सहावी: शिजवलेलं अन्न घ्यायचं का?

लग्नसराईत रात्री साडेदहाला मंगल कार्यालयातून फोन येतो: "दीडशे पानांचं उरलंय, घेऊन जा." मोह होतो. पण आधी विचारा, अन्न कधी शिजलं आणि तेव्हापासून झाकून गरम आहे का. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत. वाटप करणाऱ्या संस्थेने नोंदणी करायची, अन्न कुणाकडून आलं आणि कुठे गेलं त्याची नोंद ठेवायची. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली ठेवायचं, एवढं पाळा. ते शक्य नसेल तर दोन तासांच्या आत पानात पडलं पाहिजे. ओल्या नारळाचं, दह्याचं, पनीरचं काही असेल तर उन्हाळ्यात घेऊच नका. ताटात उष्टं झालेलं कधीच नाही. भुकेला माणूस चव बघत नाही, वासही घेत नाही, त्यामुळे ती काळजी आपण घ्यायची.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नवीन पेढीने पहिलं वर्षभर कोरडा शिधाच सांभाळावा. शिजलेल्या अन्नासाठी जवळचं शिवभोजन केंद्र बघून ठेवा. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या या योजनेत दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात मिळतो. केंद्र चालू आहे का आणि किती वाजता थाळ्या संपतात ते स्वतः जाऊन पाहा, मगच कुणाला तिकडे पाठवा.

पायरी सातवी: खरेदी आणि साठवण

डाळ-तांदूळ मार्केटयार्डाच्या भुसार बाजारातून पोत्याने घ्या. धान्य कशासाठी आहे ते सांगितलं तर व्यापारी भावात थोडं सोडतात. पण माल बघून घ्या. मूठभर डाळ पांढऱ्या कागदावर पसरा. भोकं पडलेले दाणे, बारीक पीठ, जाळी दिसली तर पोतं परत. हात खोल घालून मधली मूठ काढा, वरची नको. वास घ्या, कुबट वाटला तर ओल धरलेली आहे.

पोती जमिनीवर ठेवायची नाहीत. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर. पावसाळ्यात एका महिन्याच्या वर साठा करू नका, सोंडे आणि टोके बघता बघता होतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, पण बोरिक पावडर लावायची नाही, कारण पुढे कोण किती धुवून शिजवेल ते आपल्या हातात नसतं. आधी आलेलं आधी बाहेर जाईल अशी रचना ठेवा, पोत्यावर खडूने तारीख लिहा. लोकांनी दिलेल्या पाकिटांवरची मुदत बघा, संपलेली सगळी बाजूला. आपण घरात जे खाणार नाही ते पिशवीत जाणार नाही, एवढी एकच कसोटी.

पैसे

वर्गणी गोळा करायची तर नोंदणी हवी. सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी नसेल तर सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते, गणेश मंडळं घेतात तशीच. सुरुवातीला वस्तीजवळच्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली काम केलेलं सोपं. ८० जी (देणगीवर करसवलत मिळवून देणारी नोंदणी) असलेल्या संस्थेच्या देणगीदारांना दोन गोष्टी आधीच सांगा: दोन हजारांवरच्या रोख रकमेला आणि धान्यासारख्या वस्तूला करसवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीत तर ती नाहीच. नंतर कटुता येण्यापेक्षा हे आधी बोललेलं बरं. महिन्याचा जमाखर्च एका कागदावर लिहून केंद्राच्या दारावर लावा, वस्तीतल्या लोकांना वाचता येईल अशा अक्षरात.

कधी थांबायचं

प्रत्येक कुटुंबाच्या पानावर तीन रकाने ठेवा: रेशन चालू झालं का, मुलं अंगणवाडी-शाळेत जेवतात का, घरात कुणाला काम लागलं का. तिन्हीत 'हो' आलं की धान्याची मोठी पिशवी थांबवायची. डाळ-तेल-शेंगदाण्याची छोटी पिशवी आणखी दोन महिने चालू ठेवा, कारण पहिला पगार उधारी फेडण्यातच जातो. थांबवणार हे महिनाभर आधी सांगा, तोंडावर आल्यावर नको. ज्या घरात कमावतं माणूसच नाही, तिथे थांबवायचं नाही. तिथे संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसीलमध्ये गेला आहे का ते बघायचं, आणि तो मंजूर होऊन पैसे खात्यात येईपर्यंत दर पंधरवड्याला त्या दारात पिशवी गेली पाहिजे.